परत जाण्याची खात्री

शहरावर खऱ्या तोफा धडाडायला लागल्या त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तिला 'तोफ' म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर सगळ्यांची ती मावशीच. सरकारी प्रसूतिगृहात सुईण होती आणि आवाज असा खणखणीत, की पहिल्या खोलीतल्या बाईला "लाव जोर!" म्हटलं की तिसऱ्या खोलीतली, जिला अजून कळाही सुरू नव्हत्या, तीसुद्धा जोर लावायची.

लढाई सुरू झाली तशी माणसं गाठोडी बांधून निघून गेली. हद्द तेव्हा उघडी होती. मावशीचा नवरा लढाईच्या आधीच हृदयविकारानं गेलेला, मूलबाळ नाही, अडवणारं कुणी नव्हतं. पण ती हलली नाही. तिची धाकटी जाऊही हलली नाही, कारण तिचा नवरा, म्हणजे मावशीचा दीर, सैन्यात होता आणि तो सुटीवर आला तर घर सापडायला हवं असं तिचं म्हणणं. जाऊ बोलायची मोजकं. दोघींचं जमायचं ते बहुतेक त्यामुळेच. एकटी मावशीच दोघींपुरतं बोलायची.

एका सकाळी प्रसूतिगृहाच्या मागच्या भिंतीवर गोळा पडला. बाया तळघरात उतरल्या होत्या. एक मात्र नुकतीच बाळंत झालेली, तिला उठवत नव्हतं. मावशी परत वर गेली, तिला आणि बाळाला दारापर्यंत आणलं, दाराबाहेरच्यांच्या हातांत दिलं, आणि तेवढ्यात तुळई खाली आली. बाई वाचली, बाळ वाचलं. मावशीची उजवी मांडी मोडली.

मोडलेलं हाड जुळेल म्हणून पायाला वजन बांधून तिला महिनोन्‌महिने पाठीवर निजवलं. जुळलं नाही. मांडीत जिथं सांधा नसतो तिथं एक सांधा झाला. पाय उचलायला गेलं की मध्येच वाकायचा, आणि मावशी, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांना "ओरडायचं नाही, ताकद खाली लावायची" असं शिकवलं, ती उशीचा कोपरा दातांत धरायची. प्रसूतिगृह तोवर शाळेच्या तळघरात हललं होतं. तिनं आपली खाट तिथंच टाकून घेतली. पडद्याच्या अलीकडून ती हुकूम सोडायची आणि पलीकडे तिच्या हाताखालच्या पोरी बाळंतपणं करायच्या.

शहरात हाडांचा एकच डॉक्टर उरला होता. तरुण, लांबट चेहऱ्याचा, सतत अपुऱ्या झोपेतला. त्याचा जन्मही मावशीच्याच हातचा. पायाळू होता तो, पाय आधी बाहेर आलेले. मावशी त्याला चारचौघांत डॉक्टर म्हणायची आणि एरवी बाळ.

"मावशी, हाडाच्या पोकळीत सळी घालायला हवी," तो म्हणाला. "काम काही फार मोठं नाही. पण ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र लागतं, ते आपलं जळलं. सळ्या नाहीत त्या नाहीतच. मी शेजारच्या देशात ज्या बाईंच्या हाताखाली शिकलो, त्या करायला तयार आहेत. हॉस्पिटल एक पैसा घेणार नाही. तुम्ही फक्त तिथं पोहोचायला हवं."

"म्हणजे फक्त व्हिसा."

"फक्त व्हिसा," डॉक्टर म्हणाला, आणि का कोण जाणे, खाली बघत म्हणाला.

शेजारच्या देशाचं व्हिसा कार्यालय हद्दीजवळच्या दुसऱ्या शहरात होतं. पाववाला रोज तिथून पाव आणायचा. जाताना त्याची गाडी रिकामी असे. त्यात दोन गाद्या टाकून मावशीला निजवलं, पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधल्या, शेजारी जाऊ बसली. रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढ्यांना मावशीनं शिव्या दिल्या. पाववाला पुढून ओरडून म्हणाला, "मावशी, या खड्ड्याला नका देऊ, हा जुना आहे, लढाईच्या आधीचा!"

कार्यालयाच्या दालनात जमिनीला बोल्टनं ठोकलेल्या खुर्च्या होत्या. मावशीला चाकांच्या खुर्चीत पाय पुढे ताणून बसवलं होतं. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसले होते. बायकोचा चेहरा सुजलेला, बोटं अशी फुगलेली की अंगठी कापून काढावी लागली होती.

"मूत्रपिंडं गेली आहेत," शिंपी म्हणाला. "रक्त धुवायचं मशीन आठवड्यातून एकदा कसंबसं चालतं. वीजच नसते. पलीकडे माझा भाऊ स्वतःचं मूत्रपिंड द्यायला बसलाय."

"मग होईल की!" मावशी म्हणाली. "एवढं सगळं तयार असताना नाही कोण म्हणेल?"

शिंप्याची बायको हसली. तिला मावशीची भाषा आवडली असावी. तिनं आपली शाल काढून घडी केली आणि काही न बोलता मावशीच्या टाचेखाली सरकवली.

मावशीचा नंबर आला. काचेतलं बोलायचं भोक उभ्या माणसाच्या उंचीवर होतं, त्यामुळे खुर्चीत बसून तिला ओरडूनच बोलावं लागलं. तिला ते जड नव्हतं. पलीकडचा अधिकारी तिशीतला, नीटनेटका, चेहऱ्यानं वाईट नव्हता.

"पती?"

"वारले."

"मुलं?"

"माझी नाहीत. माझ्या हातावर जन्मलेली सांगत बसले तर तुमची खिडकी बंद व्हायची वेळ होईल."

"घर?"

"आहे. अर्धं."

"अर्धं म्हणजे?"

"स्वयंपाकघर आणि एक खोली. बाकीचं रस्त्यावर आलंय. आम्हा दोघींना पुरतं."

"नोकरी?"

"प्रसूतिगृहात."

"पण ते पडलं असं इथं लिहिलंय."

"भिंती पडल्या. बाया बाळंत व्हायच्या थांबल्या का?"

मागं कुणीतरी हसलं. अधिकाऱ्याच्या ओठाचा कोपराही हलला, पण त्यानं तो जागेवर आणला. "बाई, प्रश्न एवढाच आहे, की उपचार झाल्यावर तुम्ही परत का जाल? तिकडे लढाई आहे. घर नाही, जवळचं माणूस नाही. तुमच्या जागी मी असतो तर गेलो नसतो."

"साहेब, मला पळायचंच असतं तर दोन्ही पाय धड होते तेव्हा पळाले नसते का? मोडका पाय घेऊन कोण पळतं?"

"मला पटतंय. पण मला कागदावर दाखवता येईल असं काहीतरी लागतं. तुमचा देश शांत असता तर काही अडचण नव्हती."

"शांत असता तर माझा पाय मोडला नसता," मावशी म्हणाली.

यावर दालनात कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं, परत उचललं. थोड्या वेळानं भोकाखालच्या फटीतून छापील कागद बाहेर आला. मावशीनं तो मोठ्यानं वाचला, कारण तिला मनात वाचायची सवयच नव्हती. "अर्जदार परत जाईल याबद्दल खात्री पटत नाही." शिंप्याच्या बायकोलाही थोड्या वेळानं असाच कागद मिळाला. वाक्य तेच, नाव तेवढं निराळं.

परतीच्या वाटेवर गाडी पावांनी भरलेली होती. मावशी फडताळांच्या मध्ये अंग चोरून पडली होती आणि जाऊनं पाहिलं की ती भिंतीकडे तोंड करून रडतेय, आवाज न करता. तोफेचं हे रूप जाऊनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं बराच वेळ पावांकडे पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाली, "जाऊबाई, रडून झालं की सांगा. पाव गरम आहेत तोवर खाऊन घेऊ."

"झालंच," मावशी नाक पुसत म्हणाली. "दे इकडे."

पलीकडच्या डॉक्टरीणबाई या नकारानं चिडल्या. त्यांनी स्वतः हमी लिहून दिली, हॉस्पिटलच्या प्रमुखांची सही घेतली, दुसरा अर्ज गेला. तोही परत आला. वाक्यात काना-मात्रेचा फरक नव्हता.

तो आला त्या दुपारी तरुण डॉक्टरनं फोन लावून मावशीच्या खाटेवर ठेवला. पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसत होत्या. आखूड पांढरे केस, चष्मा कपाळावर.

"मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "मी आणखी वर बोलते. वेळ लागेल."

"बाई, एक विचारू?" मावशी म्हणाली. "माणसानं यायचं नाही, एवढीच अट आहे ना त्यांची? सळीनं जायला तर हरकत नाही? मग सळी पाठवा."

"सळी पाठवीन हो. पण तिकडे यंत्र नाही."

"यंत्राशिवाय घालायची कुठली निघाली नाही का अजून?"

डॉक्टरीणबाईंचा हात कपाळाकडे गेला. चष्मा डोळ्यांवर आला. "आहे तशी," त्या सावकाश म्हणाल्या. "अशा ठिकाणांसाठीच केलेली. बाहेरून एक चौकट जोडायची, सळीतली भोकं नेमकी कुठं येतात ते ती चौकट दाखवते. आमच्याकडे कुणी वापरत नाही. हाताला सवय हवी." मग तरुण डॉक्टरकडे वळून, "तू कधी पाहिली आहेस?"

"एकदा. लांबून," तो म्हणाला. फोन बंद झाल्यावर तो मावशीच्या उशाशी बसला. "मावशी, मी हे कधी केलेलं नाही. तुमच्यावर पहिल्यांदा करायचं?"

"तू जन्मलास तेव्हा मीसुद्धा पायाळू मूल पहिल्यांदाच काढत होते."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तुझ्या आईलाही नाही सांगितलं. ती आधीच घाबरलेली. पण बघ, ठीकठाक आलास. थोडा लांबट आलास, एवढंच."

सळ्या आणि चौकट औषधांच्या मदतवाहू ट्रकातून आल्या. हद्दीवरच्या नाक्यावर पेटी उघडली, आतलं लोखंड पाहिलं, बंद केली, शिक्का मारला. ट्रकवाल्यानं हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, "सळी परत जाणार की नाही, हे कुणी विचारलं नाही?" आणि स्वतःच खो खो हसली, पाय दुखेपर्यंत.

मग शिकवणी सुरू झाली. शाळेसमोरच्या सुतारानं मांडीच्या हाडाच्या आकाराचे पोकळ लाकडी तुकडे घडवून दिले. तरुण डॉक्टर ते कापडात गुंडाळून टेबलाला बांधायचा, समोर फोन उभा करायचा आणि सळी घालायचा. डॉक्टरीणबाई पलीकडून बघायच्या. "तिरकी गेली. काढ." "आता सरळ आहे, पण तुझा खांदा वर आलाय, थकशील. काढ." किती लाकडं फुकट गेली त्याची गणतीच नाही. त्यांवर तळघरात पाणी तापवलं गेलं. शेवटी एक दिवस डॉक्टरीणबाई काहीच बोलल्या नाहीत. लाकूड फोडून आत पाहिलं, सगळे स्क्रू सळीच्या भोकांतून गेलेले.

"आता माणसाला लाव हात," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन भर सकाळी ठेवलं, म्हणजे जनरेटर दगा देईल तर खिडकीचा उजेड असावा. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे मावशी जागी होती. छातीवर पडदा. पलीकडे आपल्याच मांडीत चाललेली ठोकाठोकी तिला ऐकू येत होती. दुखत काहीच नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरी सुतारकाम चालावं तसं वाटत होतं.

डॉक्टरनं हाडांची टोकं मोकळी केली, साफ केली, जुळवली, सळी आत गेली. वरचे स्क्रू बसले. आणि खालचा बसेना. ड्रिल हाडातून जाई आणि आत धातूला लागून किरकिरे. एकदा, दोनदा, पुन्हा. फोन लावायला गेले तर नेटवर्क नाही. पडद्यामागे शांतता पसरली. मावशीला ती शांतता ओळखीची होती. मूल अडलं की खोलीत अशीच पसरते, आणि तेव्हा सगळ्यांत वाईट काही असेल तर घाईनं घातलेला हात.

"बाळ," ती म्हणाली. चारचौघांत प्रथमच.

"मावशी, बोलू नका."

"मला हाडातलं काही कळत नाही. पण तू श्वास धरून ठेवलायस ते इथवर ऐकू येतंय. हात बाहेर काढ. पाणी पी. मी काही पळून जात नाही."

कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. डॉक्टरनं खरंच ड्रिल ठेवलं, दोन पावलं मागं सरला, आणि लांबून पाहिल्यावर त्याला दिसलं की चौकट किंचित ढळली आहे. तिला सळीशी धरून ठेवणारा बोल्ट ठोकाठोकीनं सैल झाला होता. त्यानं तो आवळला. पुन्हा ड्रिल लावलं. या वेळी किरकिर आली नाही.

"बसला," तो म्हणाला.

"बसणारच," मावशी म्हणाली आणि मगच तिचे डोळे वाहिले. पडद्याच्या अलीकडे कुणी बघत नव्हतं.

चालायला शिकणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड निघालं. जाऊ तिला धरून भिंतीच्या कडेनं न्यायची. मावशी प्रत्येक पावलाला काहीतरी बोलायची आणि जाऊ म्हणायची, "तोंड चालतंय तेवढे पाय चालवा." हाड मात्र या वेळी जुळत गेलं. पुढच्या एक्स-रे फोटोत तुटलेल्या जागी ढगासारखं पांढरं भरून आलेलं दिसलं. तो फोटो डॉक्टर इतक्या जणांना दाखवत हिंडला, की लोक म्हणाले, एवढं तर लोक लग्नाचेही दाखवत नाहीत.

त्याच दिवसांत पाववाल्यानं बातमी आणली. शिंप्याची बायको गेली. त्यांनीही दुसरा अर्ज केला होता. त्याचं उत्तर ती गेल्यानंतर आलं, आणि तेही 'नाही' असंच होतं.

मावशी त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. पडद्यापलीकडे बाळंतपणं झाली, पण अलीकडून हुकूम सुटला नाही. पोरींना भीती वाटली. जाऊनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "तिची शाल माझ्याकडेच राहिली गं."

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "एकदा तरी हा पाय मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. पुन्हा अर्ज करू या का?"

"मी नाही करायची अर्ज," मावशी म्हणाली. "तुम्हीच या. इकडे तुम्हाला कुणी विचारणार नाही, परत कधी जाणार म्हणून."

आणि डॉक्टरीणबाई आल्या. गोळीबार थोडा थंडावला होता. घरच्यांनी पुष्कळ समजावलं, त्यांनी ऐकलं नाही. सळ्यांच्या पेट्या घेऊन त्या हद्दीवर उतरल्या, त्यांच्या पासपोर्टावर बघता बघता शिक्का बसला आणि पाववाल्याच्या गाडीतून त्या शहरात पोहोचल्या. आठवडाभर गुरू-शिष्यांनी मिळून हाडं जुळवली. मावशी काठी टेकत रांग सांभाळायची. कुणी पुढे घुसलं तर तिच्या आवाजानं आपोआप मागं जायचं. तिचा पाय तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटभर आखूड राहिलाय."

"राहू दे. चप्पल जाड करून घेईन."

जायच्या आदल्या दिवशी दोघी तळघराच्या पायऱ्यांवर चहा पीत बसल्या. मावशीनं शिंप्याच्या बायकोची गोष्ट सांगितली. "हाडं तुम्ही इथं येऊन जुळवलीत," ती म्हणाली. "पण तिला मूत्रपिंड बसवायचं होतं. ते या तळघरात कोण बसवणार? ज्याला पलीकडे नेल्याशिवाय इलाजच नाही, त्यानं काय करायचं?"

"मी डॉक्टर आहे हो. सरकार नाही."

"मी तरी कुठं सरकार आहे?"

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. "असं आत्ता कोण आहे?"

होती एक. नळाच्या मिस्त्रीची मुलगी, हृदयाला छिद्र असलेली, जिना चढली की ओठ निळे पडणारी. तिचाही अर्ज एकदा नाकारला गेला होता.

दुसऱ्या दिवशी पाववाल्याच्या गाडीत डॉक्टरीणबाई, मिस्त्री, त्याची बायको, मुलगी आणि मावशी असे सगळे बसले. खिडकीमागं तोच अधिकारी होता. त्यानं मावशीला ओळखलं, आणि ती उभी आहे हे त्याच्या लक्षात यायला क्षणभर गेला.

"तुमचा पाय..."

"बरा झाला."

"कुठं केलंत?"

"घरी," मावशी म्हणाली. "पण हिचं घरी होण्यासारखं नाही. म्हणून आलोय."

मग डॉक्टरीणबाई बोलल्या, त्याच्याच देशाच्या नागरिक म्हणून. मुलीला मी स्वतः नेईन आणि मी स्वतः परत आणून सोडीन, असं त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिलं. अधिकारी आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, मुलीला आणि आईला मिळेल, वडिलांना नाही. ते इकडे राहिले तर दोघी परत येतील याची खात्री धरता येईल.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. मुलीचं छातीवरचं ऑपरेशन आणि बाप शेजारी नाही. मावशी बोलायला पुढे झाली होती, पण मिस्त्रीनंच तिचा हात दाबला. "असू दे मावशी. मी राहतो खात्री म्हणून. पोर जाऊ दे."

पोर गेली. छिद्र बुजवलं गेलं. ऋतू बदलायच्या आत डॉक्टरीणबाईंनी शब्द दिल्याप्रमाणे तिला आईसकट हद्दीवर आणून सोडलं. मिस्त्री सकाळपासून तिथं उभा होता, मावशीही. बापलेकीची भेट झाली, रडून झालं, हसून झालं, आणि सगळे आता घराकडे वळणार तोच मावशी म्हणाली, "घरी मागाहून. आधी कार्यालयात."

तिनं मुलीला थेट त्या खिडकीसमोर नेऊन उभं केलं. मुलगी हसत होती, ओठ गुलाबी होते.

"बघा साहेब," मावशी म्हणाली, "परत आली."

अधिकारी मुलीकडे बघत राहिला. तेवढ्यात मावशी बाजूला झाली आणि शहरातून सोबत आणून मागं खुर्चीत बसवलेल्या, डोळ्यांत काचांचे तुकडे गेलेल्या एका गवंड्याला तिनं हात धरून पुढं आणलं.

"आता यांचं बघा," ती म्हणाली. "यांना बायको आहे, पोरं आहेत, घरही आहे. मी इथंच बसते. विचारा काय विचारायचं ते."